धूर लांबचा असला तरी खिडकी आपली
सुरुवातीला एवढंच सांभाळा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या डंपिंग ग्राउंडवरचा कचरा पेटला तसा धूर आला, की लोक ओला रुमाल नाकाला बांधतात. पीएम २.५ चे बारीक कण त्यातून सरळ आत जातात. एन-९५ मास्क घ्या, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. श्वास सोडताना चष्म्यावर वाफ धरली तर कडेला फट आहे.

- विंडो एसीचा बाहेरची हवा घेणारा व्हेंट बंद.
- उदबत्ती, धूप, कॉइल नको. झाडूऐवजी ओलं फडकं.

खिडक्या दिवसरात्र बंद ठेवणं हीही चूकच. दुपारी खारे वारे सुटले आणि हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या समीर ॲपवर प्रदूषणाचा आकडा उतरला, की तासभर उघडा. हिवाळ्यात पहाटे मात्र नाही. तेव्हा धूर जमिनीलगत कोंडलेला असतो. दम लागला तर थांबू नका, डॉक्टर गाठा.