सिनेटरांना इजिप्तबंदी का होती?

प्रश्न असा आहे : रोमन साम्राज्याच्या बाकी बहुतेक प्रांतांत सिनेटर, म्हणजे रोमच्या सिनेटमधले बडे सरदार, सुभेदारी करायचे, मग इजिप्तमध्ये सम्राटाच्या परवानगीशिवाय त्यांना पाऊलही का टाकू देत नसत? तिथल्या सोन्यामुळे का?

सोन्यामुळे नव्हे, गव्हामुळे. इ.स.पू. ३० मध्ये ऑक्टेव्हियनने (पुढचा पहिला रोमन सम्राट ऑगस्टस) इजिप्त घेतला आणि तिथे सिनेटर न नेमता खालच्या, अश्वारोही वर्गातला आपला माणूस बसवला. रोमच्या फुकट धान्याचा मोठा हिस्सा अलेक्झांड्रियाहून जहाजांनी यायचा. ते बंदर हाती असलेला माणूस राजधानीची चूल विझवू शकत होता. इ.स. १९ मध्ये सम्राट टायबेरियसचा दत्तक मुलगा जर्मानिकस न विचारता तिथे गेला, कोठारं उघडून धान्य स्वस्त केलं, आणि बापाचे बोल खाऊन बसला. भीती पोकळ नव्हती. इ.स. ६९ मध्ये सेनापती व्हेस्पासियनच्या नावाची सम्राट म्हणून पहिली द्वाही फिरली ती अलेक्झांड्रियातच.

पण गव्हापाशीच थांबलं, तर इजिप्तची अर्धीच श्रीमंती दिसते. भारतातून तांबड्या समुद्रात येणाऱ्या मालावर २५ टक्के जकात होती. ग्रीकमध्ये तिचं नाव 'तेतार्ते', म्हणजे चक्क चौथाई! (आपल्या चौथाईशी नातं फक्त आकड्याचं, उगाच कुणी सिद्धांत मांडू नका.) दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर (लव्हाळ्याच्या कागदावर) मुझिरिसहून, म्हणजे केरळातून, आलेल्या 'हर्मापोलोन' जहाजाचा हिशेब आहे. माल निदान ७० लाख सेस्टर्सच्या (रोमन नाण्यांच्या) घरातला. तेव्हा साध्या सैनिकाला वर्षाला १,२०० सेस्टर्स मिळत. म्हणजे एका गलबतात अख्ख्या लिजनचा, पाचेक हजारांच्या रोमन पलटणीचा, वर्षाचा पगार! हा माल तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात उतरायचा, उंटांवरून बारा दिवसांत वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कोप्टोसला यायचा आणि पुढे नाईलमधून अलेक्झांड्रियाला.

यात आपलाही माल होता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या वाटाड्या-पुस्तकात पैठणचे ऑनिक्सचे खडे आणि तेरचं कापड, मलमल, धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला जातं, असं लिहिलंय. कल्याण जवळचं बंदर, पण तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजंसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेत. जकातीसाठी बंदर मुठीत ठेवायचं, हे इकडच्या राजांनाही चांगलं कळत होतं.