पोवाड्याच्या पहिल्याच चौकात तलवार उपसू नकोस

पोवाडा रचायला घेतला आहेस, तर तुळशीदास शाहिराचा सिंहगडचा पोवाडा आधी मोठ्यानं वाच. लढाई 1670 च्या फेब्रुवारीतली. पण तलवारी भिडायच्या आधी त्यात जिजाऊ-शिवरायांचा सोंगट्यांचा डाव आहे, रायबाच्या लग्नाची गडबड आहे. हे घर दिसलं म्हणूनच तानाजी पडतो तेव्हा जीव तुटतो.

गडाचा मोगल किल्लेदार उदेभानही शाहिरानं किरकोळ केलेला नाही. त्याच्या दिमतीला चंद्रावळी हत्ती आणि सिद्दी हिलाल उभे केलेत. शत्रू दुबळा रंगवलास तर तुझा वीर कोणाशी लढला?

आता रक्ताबद्दल. मुंडकी, आतडी, रक्ताचे पाट यांनी ओळी भरू नकोस, तिसऱ्या कडव्यात ऐकणारा बधिर होतो. सभासद बखरीत तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करतो. बस्स, एवढंच! त्या हाताचं पुढं काय झालं असेल ते आपल्या अंगावर येतं. मला तरी मराठीत याहून धारदार रणवर्णन सापडलेलं नाही. असा एक तपशील शोध, मग झीलकऱ्यांना, म्हणजे मागून सूर धरणाऱ्या साथीदारांना, तिथंच सूर चढवायला सांग.