परदेशी जाताना मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचं काम हाती घ्यायचं असेल तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमानांच्या बदलीमुळे दोन महिन्यांत देश सोडायचा, तुमची नोकरी सुटणार, मुलगी अकरा वर्षांची. तिकडे नुसतं घरी बसायचं नाही, मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी मनापासून काहीतरी करायचं आहे, तर सुरुवात कुठून करावी? व्हिसा, विमा, घरभाडं हे सगळं सरकारी पानांवर मिळेल, ते इथे परत लिहीत नाही. पण ‘नुसतं घरी बसायचं नाही’ हे शब्द वाचले आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

सुरुवात तुमच्या मुलीपासून करा. नुकतंच देश बदललेलं मूल मधल्या सुट्टीत एकटं असतं. त्याच्या उच्चारांना वर्ग हसतो. संध्याकाळी बोलावंसं वाटतं तेव्हा जुन्या मैत्रिणी झोपलेल्या असतात, वेळेतला फरक आड येतो. त्या वेळी गेमच्या चॅटमध्ये कोणीतरी कायम जागं असतं. मुलांना फसवणारा माणूस घाई करत नाही. आधी खेळाचं कौतुक, मग गेममधली नाणी किंवा पोशाख भेट, मग ‘घरी कोण आहे?’, ‘फोन कुठल्या खोलीत असतो?’ अशी चौकशी. त्यानंतर ‘इथे नको, दुसऱ्या अॅपवर बोलू’ आणि शेवटी ‘आईला सांगू नकोस’. यातली सगळ्यात स्पष्ट खूण म्हणजे उघड्या चॅटवरून खासगी अॅपवर नेणं. मुलीला एवढं एकच शिकवायचं झालं तरी हे शिकवा.

आणि त्याच महिन्यांत आईही एकटीच असते, हे कोणी बोलत नाही. दिवसभर घरात आवाज नसतो, ओळखपाळख नसते, आपण पूर्वी काय होतो हे सांगायला कोणी विचारत नाही. ती पोकळी भरायला हे काम धरलं तर सुरुवातीला फार बरं वाटतं. पण मग प्रत्येक मूल संकटातच दिसायला लागतं आणि आपल्याच मुलीचा फोन रोज रात्री तपासला जातो. फोन तपासणाऱ्या आईला मूल काही सांगत नाही, हे लिहितानाही जड जातं. काहीतरी बिनसलं तर मूल आपणहून सांगायला येईल का, या एकाच कसोटीवर या कामातली प्रत्येक गोष्ट तपासावी असं माझं ठाम मत आहे. ‘सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही’ हे वाक्य निघण्याआधीच मुलीला म्हणा आणि पाळा.

आता अकाउंटची कटकट. मुलीचं अकाउंट पालकांच्या देखरेखीखाली असेल तर गुगलच्या कुटुंबगटातले (घरातली अकाउंट एकत्र जोडणारी सोय) सगळे एकाच देशात असावे लागतात, आणि प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो. बाबा आधी गेले, त्यांनी देश बदलला आणि मायलेकी मागे राहिल्या, की गोंधळ सुरू. अॅपलमध्ये देश बदलण्याआधी अकाउंटमधली शिल्लक संपवावी लागते, चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात, आणि कुटुंबगटात असताना बदल अडू शकतो. सगळे पोहोचल्यावर एकाच दिवशी बसून हे करा. जुनं सिमकार्ड निदान सहा महिने चालू ठेवा, कारण पासवर्ड विसरला की ओटीपी त्याच नंबरवर येतो.

त्याच बैठकीत मुलीच्या प्रत्येक अकाउंटची जन्मतारीख बघा. मुलं घाईत मोठ्या माणसाचं वर्ष टाकतात आणि मग लहानांसाठीची संरक्षणं त्यांना लागूच होत नाहीत. इन्स्टाग्रामने 2024 पासून किशोरांची अकाउंट आपोआप खासगी ठेवायला सुरुवात केली, पण नोंदीत वय तीस असेल तर त्याचा काय उपयोग? शिवाय वयाची अट देशागणिक बदलते. अमेरिकेत 1998 चा कायदा तेरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. युरोपीय संघात ही मर्यादा सोळा आहे, पण देशांना ती तेरापर्यंत खाली आणता येते. ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून ठरावीक समाजमाध्यमांवर सोळा वर्षांखालच्यांना अकाउंट ठेवता येत नाही. वैयक्तिक माहितीबद्दलच्या भारताच्या 2023 च्या कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. इथे चालणारं तिथे चालेलच असं नाही, हे मुलीला विमानात बसण्याआधी सांगा. अचानक अकाउंट बंद झालं तर तिला ती शिक्षा वाटेल.

कामासाठीच्या कागदांपैकी पोलीस पडताळणीचा दाखला निघण्याआधीच काढा. मुलांमध्ये काम करणाऱ्या बहुतेक संस्था पार्श्वभूमी तपासतात आणि त्या देशाच्या यंत्रणेला आपला जुना देश दिसत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी लागणारी वरच्या पातळीची तपासणी सहसा स्वतः अर्ज करून मिळत नाही, संस्थेला अर्ज करावा लागतो, आणि गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते द्यावे लागतात. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची पद्धत वेगळी. म्हणजे तपासणी नाही म्हणून संस्था घेत नाही, आणि संस्था नाही म्हणून तपासणी होत नाही. यात महिने जातात आणि माणूस खचतो. पत्त्यांची तारखांसह यादी, भाडेकरार आणि जुन्या नोकरीतल्या दोघांची शिफारसपत्रं सोबत ठेवा. व्हिसाच्या अटींत स्वयंसेवेबद्दल काय लिहिलं आहे ते शब्दशः वाचा. मानधन तर सोडाच, प्रवासखर्च घेतला तरी काही ठिकाणी प्रश्न येतो.

तिथली तपासणी पूर्ण होईपर्यंत पालकांसोबत काम करा. तिथे मुलांशी थेट संबंध नसतो, आणि खरी गरजही तिथेच आहे. स्थलांतरित घरात बाबांचा फोन मुलानेच लावून दिलेला असतो, शाळेचं पत्र मूलच वाचून दाखवतं आणि देखरेखीचा पासकोडही त्यालाच माहीत असतो. पालकांना त्यांच्या भाषेत समजावणारं माणूस शाळेकडे क्वचितच असतं. ही जागा तुमची आहे.

एका वेळी बारा ते पंधरा पालक पुरेत. वेळ एक तास, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फोन. तुम्ही एका जुन्या फोनवर बारा वर्षांच्या मुलाचं सरावाचं अकाउंट करून ठेवा आणि त्यावरच दाखवा. पहिली दहा मिनिटं फसवणुकीच्या पायऱ्या. पुढची अर्धी वेळ फक्त सेटिंग: अनोळखी माणसाचे संदेश बंद, व्हॉट्सअॅपमध्ये ग्रुपला कोण जोडू शकतं तिथे ‘माझे संपर्क’, स्थानाची परवानगी बंद, गेमच्या चॅटवर मर्यादा. उरलेला वेळ प्रश्नांना. पडद्यावर भयंकर बातम्या दाखवू नका. घाबरलेले पालक घरी जाऊन फोन हिसकावतात, आणि मूल मित्राच्या फोनवरून तेच करतं, फक्त आता लपून.

शाळेतल्या ‘अनोळखी माणसाशी बोलू नका’ या वार्षिक भाषणाबद्दल मात्र राग येतोच. कितीतरी त्रास ओळखीच्यांकडून होतो. वर्गातलं मूल फोटो पसरवतं, शाळा सोडून गेलेल्या मुलीची जुन्या शाळेच्या ग्रुपवर टिंगल सुरू राहते आणि नव्या शाळेला ते आपलं कामच वाटत नाही. शाळेच्या संमतीपत्रात मुलांचे फोटो कुठे वापरणार आणि कोणत्या अॅपवर अकाउंट काढणार हे लेखी विचारा. आपणही शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेश आणि बिल्ल्यासकट फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. त्यात शाळा, वय, गाव सगळं आलं.

एखादं मूल तुमच्याजवळ येऊन सांगेलच, त्यासाठी तयारी हवी. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘पुढे काय झालं?’ एवढंच विचारा. उत्तर सुचवणारा प्रश्न पुढे चौकशीत घात करतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहा आणि त्याच दिवशी संस्थेतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीकडे द्या. मुलाचा नग्न फोटो असेल तर तो स्वतःच्या फोनवर घेऊ नका, पुढे पाठवू नका, पुरावा म्हणूनही नाही. अनेक देशांत तो जवळ असणं हाच गुन्हा आहे. युजरनेम, लिंक, तारीख आणि धमकीचे संदेश मात्र जपा. फोटोवरून पैसे मागत असतील तर देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, आधी तक्रार करा, मग ब्लॉक करा. मुलांचे असे फोटो इंटरनेटवरून काढायला मदत करणारी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा 2023 पासून आहे. तिच्यात फोटोचा डिजिटल ठसा, म्हणजे फोटो ओळखू येईल असा सांकेतिक क्रमांक, मुलाच्याच फोनवर तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, फोटो फोनबाहेर जात नाही. हे सांगितल्यावर मुलं पहिल्यांदा श्वास सोडतात. खासगी कूटबद्ध (कंपनीलाही वाचता न येणाऱ्या) चॅटमधला फोटो मात्र या सेवेने निघत नाही, तेही खरं सांगा.

महिन्याला दोनपेक्षा जास्त सत्रं पहिल्या वर्षी घेऊ नका. ऐकलेलं साचतं. कोणाजवळ बोलणार तेही आधी ठरवा. यजमानांवर सगळं टाकू नका, तेही नव्या जागी धडपडतच असतील. आणि सत्र ज्या दिवशी असेल त्या संध्याकाळी मुलीसोबत तिचा गेम खेळा, तिने शिकवायचं, तुम्ही हरायचं.