‘कापूस विकल्यावर देतो’

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. सोबतचा सोडचिठ्ठीच्या स्टॅम्प पेपरचा फोटोही मोठा करून दोनदा वाचला. पाच पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, ‘आजपासून आमचा परस्परांशी संबंध राहिला नाही’, आणि नवऱ्याने तुला द्यायच्या तीन लाखांपैकी एक लाख रोख, बाकीचे ‘कापूस विकल्यावर’. तू सही केली नाहीस, फार चांगलं केलंस.

आपल्या खान्देशात याला फारकत म्हणतात, आणि गावात ती मानलीही जाते. पण तुझं लग्न १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखालचं आहे. ते कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. काही समाजांत रूढीने सोडचिठ्ठी चालते आणि कायद्याने ती राखलेलीही आहे. मात्र ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. पावरा, भिल्ल अशा अनुसूचित जमातींना तर हा कायदा आपोआप लागूच होत नाही. तुझ्या घराण्यात तशी रूढी नाही. या कागदावर विसंबून उद्या दुसरं लग्न केलंस, तर ते बेकायदा ठरेल.

तुम्ही दोघंही वेगळं व्हायला तयार आहात, तर आपसी संमतीचा अर्ज करू. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. तू गेल्या साली आखाजीला माहेरी आलीस ती परत गेलीच नाहीस, म्हणजे ते वर्ष भरलं. अर्जानंतर किमान सहा महिने थांबायचं, मग दोघांनी पुन्हा कोर्टात उभं राहून ‘हो’ म्हणायचं. हा थांबा काही परिस्थितीत माफ होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. तुझ्या सासरची माणसं त्याचीच घाई करतील. तू करू नकोस. त्या दुसऱ्या ‘हो’पर्यंत तुला संमती मागे घेता येते. पैसे हातात येण्याआधी तुझ्याजवळ तेवढंच बळ आहे. म्हणून शेवटचा हप्ता त्याच दिवशी, कोर्टासमोर, डिमांड ड्राफ्टने.

आता ‘कापूस विकल्यावर’चं सांगते. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका बाईची तडजोड पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचा तडजोडीचा लेखी कागद, मी लिहिली होती. तिच्यात ‘उर्वरित रक्कम सोयीनुसार’ हे शब्द मी राहू दिले. नवऱ्याने पैसे थकवले. वसुलीची दरखास्त दाखल केली, तर देय तारीख कोणती याच्यावरच वाद. ती निंदणीची मजुरी बुडवून चार वर्षं एसटीने तारखांना येत राहिली. चूक माझ्या लेखणीची होती, झळ तिला बसली. तेव्हापासून तडजोड लिहिताना मी एकच विचार करते: हा माणूस पैसे देणार नाही असं धरून चाललं, तर हा कागद तिला किती उपयोगी पडेल?

म्हणून प्रत्येक हप्त्यापुढे तारीख आणि आकडा हवा. चुकला तर व्याज किती, एक हप्ता चुकला की बाकी सगळी रक्कम लगेच देय, हेही लिहून घ्यायचं. तुझा नवरा सुरतेला लूमवर आहे, पगार खात्यात येतो, तर त्या नोकरीचा आणि बँकेचा तपशील आत्ताच मिळव. दरखास्तीत पगार जप्त करता येतो, हुकूमनामा सुरतच्या कोर्टाकडे पाठवून घेता येतो. शिंदखेड्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव असेल, तर पोटगीच्या रकमेचा बोजा जमिनीवर ठेवायला आपण कोर्टाला सांगू शकतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये तशी सोय आहे. मग जमीन विकायला निघाला तरी तुझं देणं आधी समोर येईल.

लेकराची पोटगी या तीन लाखांत मिसळू देऊ नकोस. तो त्याचा स्वतंत्र हक्क आहे, तू सोडते म्हटलंस तरी सुटत नाही. दरमहा पोटगीचा हुकूम झाला आणि ती थकली, तर मॅजिस्ट्रेटकडे वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा. ‘देईल कधीतरी’ म्हणत बसणाऱ्या कितीतरी पोरींचे जुने महिने तिथे बुडाले. नवरा महिनाभर तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी फिटत नाही, हेही ध्यानात ठेव.

पोलिसांतली तक्रार मागे घेण्याचा तगादा लागलाय म्हणतेस. छळाचा गुन्हा नुसत्या तडजोडीने मिटत नाही, तो रद्द करायला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं. तिथलं प्रतिज्ञापत्र पैशाआधी देऊ नकोस.

फीची काळजी नको. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अमळनेरच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे, साध्या कागदावर अर्ज चालतो. तिकडे जमलं नाही तर १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन कर. मी आहेच, पण वकील तुझ्या हाकेच्या अंतरावरचा असावा असं मला वाटतं.

मंगळवारी ये. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, दागिन्यांच्या पावत्या, ताजा सातबारा आणि त्याने पाठवलेले मेसेज जसेच्या तसे घेऊन ये, काही पुसू नकोस. लेकराला आजीजवळ ठेव. त्याच्या बापाबद्दल जे बोलावं लागेल ते त्याच्या कानावर पडायला नको.

तुझी,
वकीलमावशी