ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कूलंट शिरलंय, नुसतं ऑइल बदलून भागेल का?

आधी एकच सांगतो, गाडी चालू करू नका. पार्किंगमध्ये दोन फूट मागेपुढे घ्यायलासुद्धा नको. बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून परिस्थिती अशी दिसते: दहा-अकरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही, गिअरबॉक्सच्या डिपस्टिकला गुलाबी फेस, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत तेलाचा तवंग. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो दोन-तीनदा ऑइल बदललं की होईल, सर्व्हिस सेंटर म्हणतं अख्खा बॉक्स बदला. आणि तुम्हाला दोघांवरही विश्वास नाही.

मी मेकॅनिक नाही, पण या खड्ड्यात एकदा पडलोय. २०१९ च्या पावसाळ्यात वाईहून पुण्याला येत होतो. खेड शिवापूर सोडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढ लागला आणि साठच्या आसपास गाडी थरथरायला लागली. शाळेजवळ बारीक पांढऱ्या पट्ट्यांचे गतिरोधक असतात ना ओळीने, त्यावरून गेल्यासारखं. मला वाटलं टायर. नवले पुलापर्यंत उतार, तिथे काहीच जाणवलं नाही, म्हणून विसरून गेलो. आठवड्याने गॅरेजमध्ये ऑइल काढलं तर खाली ट्रेमध्ये चक्क स्ट्रॉबेरी मस्तानी. मिस्त्री म्हणाला, "साहेब, दूध झालंय."

होतं कसं, ते समजून घ्या, म्हणजे कोण काय विकतोय ते कळेल. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी छोटी नळी, म्हणजे कूलर, रेडिएटरच्या टाकीच्या आतच बसवलेली असते. बाहेर कूलंट, आत ऑइल, मध्ये पातळ धातू. तो गंजला किंवा सांध्यात तडकला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. गाडी चालू असताना सहसा ऑइलचा दाब जास्त, म्हणून तेल कूलंटमध्ये जातं आणि तुम्हाला टाकीत तवंग दिसतो. गाडी बंद केली की पंप थांबतो, ऑइलचा दाब शून्य होतो. गरम रेडिएटरमध्ये मात्र दाब बराच वेळ टिकून असतो. मग कूलंट उलटं गिअरबॉक्सकडे ढकललं जातं. म्हणजे तुम्ही घरी येऊन चहा पीत बसलेले असता तेव्हा खाली पार्किंगमध्ये हा उद्योग चाललेला असतो.

यात दरवेळी तुमच्या चालवण्याचा दोष असतो असंही नाही. अमेरिकेत २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर गाड्यांच्या रेडिएटरचं हेच प्रकरण कोर्टात गेलं होतं आणि कंपनीला त्या रेडिएटरची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. माझ्या बाबतीत मात्र थोडं पाप माझंच. टाकी कमी दिसली की सोसायटीच्या बोअरचं पाणी ओतायचो. आमच्याकडे त्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो, तर रेडिएटरच्या आत काय होत असेल!

आता मुख्य मुद्दा. ऑटोमॅटिकच्या क्लच प्लेटवर जे अस्तर असतं ते कागदासारख्या तंतूंचं असतं, लोखंडी चकतीवर डिंकासारख्या रेझिनने चिकटवलेलं. त्याला ऑइल चालतं, पाणी नाही. पाणी मुरलं की अस्तर फुगतं आणि चिकटवण सुटायला लागते. माझा बॉक्स शेवटी भोसरीत उघडला तेव्हा तिथल्या दादांनी एक प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नख लावा." अंगठ्याच्या नखाने अस्तर सोललं गेलं, पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा थर निघतो तसं. खालची लोखंडी चकती तपकिरी पडली होती. हे एकदा पाहिलं की "ऑइल बदलून बघू" या वाक्याचा मोह राहत नाही.

तुमच्या मेकॅनिकचा हिशोबही कागदावर करून बघा. समजा गिअरबॉक्समध्ये एकूण ९ लिटर ऑइल आहे. खालचा बोल्ट काढला की त्यातलं साडेतीन लिटरच्या आसपास बाहेर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा), कूलर आणि वॉल्व्ह बॉडीत (तेल योग्य गिअरकडे वळवणाऱ्या भागात) अडकून राहतं. एकदा बदललं की घाणीचा ६१ टक्के भाग आतच. तीनदा बदललं तरी २३ टक्के. पाच वेळा केलं तर साडेआठ. "गाडी गरम झाली की पाणी उडून जातं" हेही मला सांगितलं गेलं होतं. पाण्यापुरतं त्यात थोडं तथ्य आहे. पण कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल शुद्ध असेल तर १९७ अंशांना उकळतं, आणि नीट चालणारा गिअरबॉक्स जेमतेम ८०-१०० अंशांवर असतो. ते कुठेही जात नाही.

मी तेच केलं होतं. नवा रेडिएटर, तीनदा ऑइल, ३८ हजार रुपये. चार महिने गाडी लोण्यासारखी चालली, मी मित्रांना फुशारकीने सांगत होतो. मग दिवाळीत रिव्हर्स टाकल्यावर गाडी दोन सेकंद विचार करायला लागली, आणि एका संध्याकाळी चांदणी चौकाच्या चढावर तिसरा गिअर सुटला. इंजिन ओरडतंय, गाडी जागेवर, मागे पीएमटीची बस हॉर्न देतेय. पुढचं बिल १ लाख ६५ हजार.

म्हणून मी आज निर्णय असा घेईन. गळती त्याच दिवशी सापडली आणि त्यानंतर गाडी जवळपास चाललीच नाही, तर कूलरच्या पाइपला मशीन लावून पूर्ण फ्लश करून घ्या. नुसता खालचा बोल्ट काढून नव्हे, नवीन ऑइल एकीकडून आत आणि जुनं दुसरीकडून बाहेर, लाल स्वच्छ येईपर्यंत. त्यात गाडी वाचू शकते. पण गुलाबी ऑइलवर शे-दोनशे किलोमीटर झाले असतील किंवा गाडी तशीच काही आठवडे उभी असेल, तर फ्लशवर एक रुपया घालू नका. बॉक्स उघडा. तुम्ही "मागच्या महिन्यापासून थोडी झटके देत होती" असं लिहिलंय, त्यामुळे तुम्ही दुसऱ्या गटात आहात असं मला वाटतं.

उघडायचाच तर कोटेशनमध्ये काय आहे ते नीट विचारा. जळलेल्या तेवढ्या नव्हे, सगळ्या अस्तराच्या प्लेट, सगळे सील आणि ओ-रिंग, फिल्टर, आणि गंज दिसला तर बेअरिंग. वॉल्व्ह बॉडी सुटी करून धुतली पाहिजे, सोलेनॉइड, म्हणजे तेलाची वाट उघडबंद करणारे विजेवरचे वॉल्व्ह, तपासले पाहिजेत. काही गाड्यांत गिअरबॉक्सचा कंट्रोलर, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, आतच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तसं असेल तर तो खर्च आधीच विचारून ठेवा. आणि टॉर्क कन्व्हर्टर! इथेच लोक पैसे वाचवतात. त्याच्या आत लॉक-अप क्लच (वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) असतो, त्यालाही तेच कागदी अस्तर. तो वेल्ड करून बंद केलेला डबा आहे, बाहेरून धुऊन उपयोग नाही. कापून, नवं अस्तर लावून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करणारे लोक असतात, नाहीतर बदलायचा. "कन्व्हर्टर धुऊन लावतो" असं कोणी म्हणालं तर दुसरं गॅरेज बघा.

सर्व्हिस सेंटर अगदीच लुटतंय असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे प्लेट उघडून बसायला माणूस नसतो, त्यामुळे ते बॉक्सच बदलतात. तुमच्या गाडीच्या आजच्या किमतीपुढे तो आकडा बसतो का, एवढंच बघायचं. भंगारातून आलेला सेकंडहँड बॉक्स स्वस्त पडतो, पण तो कुठल्या गाडीतून का निघाला हे कोणी सांगत नाही. त्यानेही आधी मस्तानी पिलेली असू शकते. इन्शुरन्सचं विचारलंत, तर साध्या पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन धरत नाहीत.

रेडिएटर मात्र कुठल्याही परिस्थितीत नवाच. मी त्यातला कूलर वापरतच नाही. पुढे ग्रिलमागे वेगळा हवेवर थंड होणारा कूलर लावून घेतला. बर्फाच्या देशात रेडिएटरमधला कूलर ऑइल गरम करायलाही लागतो, पुण्याच्या थंडीत त्याची गरज पडलेली नाही. कूलंटची बाजूही साफ करावी लागते. तेल लागून रबरी होज फुगतात आणि मऊ पडतात, ते आणि टाकीचं झाकण बदलाच. रिपेअरनंतर स्कॅनरवर गिअरबॉक्सचं ॲडॅप्टेशन करून घ्या, म्हणजे नव्या प्लेटसोबत गिअर कसे टाकायचे ते त्याच्या कॉम्प्युटरला पुन्हा शिकवणं. ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं, आणि लेव्हलही कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच बघायला लावा.

गाडी गॅरेजला नेताना फ्लॅटबेडच मागवा, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढत नेली तर पंप बंद असतो आणि आतले भाग कोरडे फिरतात.

आणि पार्किंगमध्ये त्या गुलाबी पाण्याचा डाग पडला असेल तर आजच माती टाकून पुसून काढा. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारीही. आमच्या बिल्डिंगखाली एक काळं कुत्रं तिथेच हुंगत उभं होतं, वॉचमनकाकांनी वेळेत हाकललं म्हणून बरं.