आयव्हीएफनंतर उरलेल्या इंजेक्शनांचे काय करावे?

आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून केल्या जाणाऱ्या वंध्यत्व-उपचाराची, सायकल (उपचाराची एक फेरी) मधेच थांबल्यामुळे आपल्या फ्रिजमध्ये स्त्रीबीजवाढीची सहा इंजेक्शने आणि प्रोजेस्टेरॉन या गर्भधारणेला आधार देणाऱ्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) कॅप्सुलांची दोन पाकिटे उरली आहेत, आणि ती ओळखीच्या एका जोडप्याला द्यावीत की टाकून द्यावीत, असे आपण विचारले आहे. पुण्यात उपचार घेताना मीही या प्रश्नातून गेले आहे. दह्याच्या भांड्यामागचा तो डबा उघडण्याचे धैर्य मला तीन महिने झाले नव्हते, म्हणून आपली घालमेल मला समजते.

सर्वप्रथम आपल्या डॉक्टरांना यादी, बॅच क्रमांक आणि मुदतीच्या तारखा कळवा. पुढची सायकल घ्यायची असेल, तर मुदतीत असलेली आणि नीट साठवलेली औषधे कदाचित उपयोगी पडतील, मात्र तो निर्णय त्यांचाच असू द्या. यांतील बरीच इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात, काही पावडरच्या कुप्या २५ अंशांपर्यंतही टिकतात, तर एकदा वापरायला काढलेले इंजेक्शनचे पेन साधारण २८ दिवसांनंतर वापरता येत नाही. म्हणून प्रत्येक खोक्यावरील सूचना स्वतंत्रपणे वाचाव्यात. वीज गेली तेव्हा फ्रिज किती तास बंद होता किंवा औषध गोठले होते का, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

दुसऱ्या जोडप्याला मात्र देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. हजारो रुपयांचे औषध वाया जाताना जीव तुटतो आणि देण्यामागची भावना निखळ असते, हे मी जाणते. परंतु स्त्रीबीजवाढीच्या इंजेक्शनाचा डोस वय, वजन, एएमएच (स्त्रीबीजांच्या शिल्लक साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या बीजकोषांची संख्या पाहून ठरतो, आणि तो जास्त झाला तर अंडाशय फुगून पोटात पाणी साठणे, धाप लागणे, क्वचित रक्ताच्या गुठळ्या होणे, इतपत गंभीर स्थिती ओढवू शकते. शिवाय आपल्या फ्रिजमध्ये औषध कसे राहिले, हे खोक्यावरून कोणालाही कळत नाही. शक्ती गेलेल्या इंजेक्शनामुळे त्या बाईची संपूर्ण सायकल फुकट जाऊ शकते. विकण्याचा तर विचारच नको, कारण १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार परवान्याविना औषधविक्री करता येत नाही. ज्या मेडिकलमधून घेतली तिथे न उघडलेली खोकी परत घेतात का, हे लगेच विचारून पाहावे, पण फ्रिजमध्ये ठेवायची औषधे दुकानदार सहसा परत घेत नाहीत.

उरलेले शौचालयात किंवा बेसिनमध्ये ओतू नका, कारण संप्रेरके सांडपाण्यातून नदीपर्यंत जातात. रुग्णालयांना जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था ठेवावीच लागते, त्यामुळे आपल्या उपचार केंद्राने ही औषधे स्वीकारली तर तोच उत्तम मार्ग आहे. त्यांनी नकार दिल्यास कॅप्सुला पाकिटातून काढून माती किंवा चहाच्या चोथ्यात मिसळाव्यात, पिशवी घट्ट बांधावी आणि ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळी, घरगुती घातक कचरा म्हणून द्यावी. सुया मात्र जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत भरून, झाकणाला चिकटपट्टी लावून, बाटलीवर ‘सुया’ असे ठळक लिहावे, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताला इजा होणार नाही.

मी माझा डबा केंद्रातील सिस्टरांकडे दिला. त्यांनी खोक्यांवरचे माझे नाव काळ्या पेनाने खोडले, औषधे जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली आणि मला थोडा वेळ शेजारी बसवून घेतले.