भर पावसातील सांघिक शर्यत आणि चौथी धावपटू

प्रश्न : आमच्या रनिंग क्लबच्या सहा महिलांचा संघ ऑगस्टअखेरीस 5 किलोमीटरच्या सांघिक शर्यतीत भाग घेणार आहे. जेहान सर्कलपासून गंगापूर रोडने सोमेश्वरच्या दिशेने अडीच किलोमीटर जायचे आणि दुभाजकाला वळसा घालून परत यायचे, असा मार्ग आहे. प्रत्येक संघातील पहिल्या चार महिलांच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजयी ठरतो. गेल्या वर्षी शर्यतीच्या वेळी धो धो पाऊस होता. आमच्या दोघी पहिल्या दहांत आल्या, पण बाकीच्या फार मागे राहिल्या आणि संघ पाचवा आला. या वर्षीही पाऊस असणारच, हे गृहीत धरून तयारी कशी करावी?
— संघाची कर्णधार, नाशिक

उत्तर : आपल्या संघाचा निकाल पहिल्या दोघींच्या हातात जितका आहे, त्याहून कितीतरी अधिक तिसरी आणि चौथी यांच्या हातात आहे. आपली सर्वांत वेगवान धावपटू जिवाचे रान करून सहावीऐवजी चौथी आली, तर बेरीज दोनने कमी होईल. मात्र धावपटूंच्या मधल्या घोळक्यात, जिथे दहा-बारा सेकंदांत सात-आठ जणी अंतिम रेषा ओलांडतात, तिथे आपल्या संघातील चौथीने तेवढे सेकंद वाचवले तर बेरीज एकदम सात-आठने खाली येते. पावसात हा फरक आणखी वाढतो, कारण भिजलेल्या रस्त्यावर धीर सुटतो तो बहुधा याच मधल्या घोळक्यातील धावपटूंचा. पुढे कोणी दिसत नाही, घड्याळातील वेळ मनासारखी नाही आणि बूट पाण्याने जड झालेले, अशा स्थितीत ‘आज काही खरे नाही’ असा विचार मनात येतो आणि पाय आपोआप मंदावतात. म्हणून शर्यतीच्या दिवशी वेळेचे लक्ष्य बाजूला ठेवावे आणि क्रमांकासाठी धावावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 2018 ची बॉस्टन मॅरेथॉन. थंडी, मुसळधार पाऊस आणि समोरून येणारा वारा यांत अमेरिकेची धावपटू डेझिरी लिंडेन हिने सुरुवातीच्या टप्प्यातच, आपण शर्यत सोडू असे वाटल्याने, तिच्याच देशाच्या शॅलेन फ्लॅनगनला मदत देऊ केली होती. फ्लॅनगनला स्वच्छतागृहासाठी थांबावे लागले, तेव्हा लिंडेन वेग कमी करून तिच्यासाठी मागे राहिली आणि दोघी मिळून पुढच्या घोळक्यात परतल्या. तीच लिंडेन शेवटी 2 तास 39 मिनिटे 54 सेकंदांत जिंकली. एरवी ही वेळ तिथे विजयासाठी पुरेशी ठरली नसती, त्या दिवशी ठरली. दुसरी आलेली सारा सेलर्स ही रुग्णालयात पूर्णवेळ नोकरी करणारी परिचारिका होती. पावसाने नामांकितांचा क्रम असा विस्कटतो, आणि त्याचा लाभ शेवटपर्यंत टिकून राहणाऱ्यांना मिळतो.

आता आपल्या मार्गाविषयी. जेहान सर्कलकडून सोमेश्वरकडे जाताना आपण साधारण पश्चिमेकडे तोंड करून धावता आणि पावसाळी वारेही मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्य दिशांकडून येतात. म्हणजे जाताना पाऊस तोंडावर आणि येताना पाठीवर, अशी शक्यता मोठी आहे. त्यामुळे जातानाच्या अडीच किलोमीटरमध्ये तिसरी, चौथी, पाचवी आणि सहावी या चौघींनी एकत्र राहावे, इतर संघांच्या धावपटूंमागे वाऱ्याचा आडोसा घ्यावा, आणि आडोसा नसेल तर आपापसांत आळीपाळीने पुढे यावे. एकटीने वाऱ्याशी झुंज घेण्यात खर्च होणारी शक्ती परतीच्या वाटेवर हवी असते. वळसा घेऊन वारा पाठीशी आला की मग प्रत्येकीने मोकळे सुटावे आणि समोर दिसेल त्या धावपटूला गाठत जावे. पाचवी आणि सहावी यांचे क्रमांक बेरजेत धरले जात नाहीत म्हणून त्या बिनमहत्त्वाच्या आहेत, असे कृपया कोणी समजू नये. चौथी घसरली किंवा तिच्या पोटात कळ आली, तर पाचवीच चौथी होते. शिवाय त्यांनी मागे टाकलेली प्रतिस्पर्धी धावपटू तिच्या संघाच्या पहिल्या चौघींत असेल, तर त्या संघाची बेरीज वाढते.

वळसा हा या मार्गावरील सर्वांत धोक्याचा भाग आहे. तिथे ऐन वेळी वेग आवरायला गेल्यास पाय सरकतो. वीसेक मीटर आधीपासून पावले आखूड करावीत, वळण थोडे मोठे घ्यावे आणि पाऊल शरीराच्या फार पुढे न टाकता बरोबर खाली टाकावे. रस्त्यावरील रंगाचे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणे आणि झाडांखाली साचलेला ओला पाला यांवर बुटाची पकड राहत नाही, हे कोरड्या दिवशी लक्षातही येत नाही. म्हणून शर्यतीच्या आठवडाभर आधी सर्व सहाजणींनी पाऊस चालू असतानाच मार्गावरून एकदा सावकाश धावून यावे आणि पाणी कुठे तुंबते ते पाहून ठेवावे. नियमानुसार मोजलेल्या शर्यतीचे अंतर सर्वांत जवळच्या रेषेने, कडेपासून केवळ 30 सेंटिमीटर आतून मोजलेले असते. पावसात नेमके त्याच पट्ट्यात पाणी वाहते. पाणी तळव्यापुरते असेल तर त्यातूनच जावे, घोट्यापर्यंत असेल तर बाहेरून जावे आणि जास्तीचे काही मीटर बिनतक्रार सोसावेत.

मधल्या काळात सराव जिममधील ट्रेडमिलवर हलवण्याचा मोह होईल. तो टाळावा. गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक हलक्या पावसात सोयीचा आहे, पण आठवड्यातून किमान एक सराव डांबरी रस्त्यावर, भिजत, घोळक्याने व्हायला हवा. याच जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. पाऊस हा सराव बुडवण्याचे कारण मानण्याची परंपरा आपल्या भागाची नाही.

प्रश्न : मी याच संघात आहे आणि पहिल्यांदाच पावसात शर्यत धावणार आहे. कपड्यांविषयी, विशेषतः पाळीच्या दिवसांत काय करावे याविषयी, विचारायला संकोच वाटतो. कृपया स्पष्ट सांगावे.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : संकोचाचे काहीच कारण नाही. हा प्रश्न प्रत्येक महिला संघात उघडपणे बोलला गेला पाहिजे. सुती टी-शर्ट आणि सुती मोजे पूर्णपणे टाळावेत, कारण ते पाणी धरून ठेवतात, जड होतात आणि त्वचा सोलवटतात. अंगाबरोबर बसणारा पातळ सिंथेटिक टी-शर्ट घ्यावा, तोही गडद रंगाचा, कारण फिकट कापड भिजले की आरपार दिसते आणि सगळे लक्ष धावण्याऐवजी टी-शर्ट ओढण्याकडे जाते. स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीखाली, काखेत आणि मांड्यांच्या आतील बाजूस पेट्रोलियम जेली सढळ हाताने लावावी. रेनकोट घालून शर्यत धावू नये, आतून घाम आणि बाहेरून पाणी असे दुहेरी ओझे होते. पुढे छज्जा असलेली टोपी मात्र डोळ्यांवर येणारे पाणी अडवते. चष्मा असेल तर ती हवीच.

सॅनिटरी पॅड मुसळधार पावसात बाहेरचे पाणी शोषून फुगते आणि जागचे हलते. मेन्स्ट्रुअल कप हा उत्तम पर्याय आहे, परंतु तो शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा वापरू नये. त्याची सवय व्हायला एक-दोन पाळ्या जाऊ द्याव्यात. तोपर्यंत टॅम्पॉन चालेल, तो शर्यत संपताच बदलावा. पोटात फार दुखत असेल तर कर्णधाराला आधी सांगावे, म्हणजे चौथ्या जागेची जबाबदारी कोणावर राहील हे वेळेत ठरवता येईल.

प्रश्न : पावसात शर्यत कधी थांबवावी? आयोजक निर्णय घेईपर्यंत धावतच राहायचे का?
— एका धावपटूचे पती, सिडको

उत्तर : नाही. नुसता पाऊस हे थांबण्याचे कारण नाही, पण मेघगर्जना ऐकू आली की धावणे थांबवून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे. झाडाचा आडोसा घेऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे वाट पाहूनच पुन्हा रस्त्यावर यावे. रस्त्यावरून गुडघाभर पाणी वाहत असेल, तर खाली चेंबर उघडे आहे की नाही हे कळत नाही, म्हणून त्यात पाऊल टाकू नये. विजेच्या खांबांना आणि लोंबत्या तारांना लांबूनच वळसा घालावा. असा निर्णय कोणत्याही धावपटूने स्वतःहून घेतला, तर क्लबने तिला त्याबद्दल एका शब्दानेही बोलू नये.

पायाला जखम असेल तर ती शर्यतीपूर्वी जलरोधक पट्टीने झाकावी आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत, कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांमध्ये तीव्र वेदना जाणवल्यास डॉक्टरांना पावसाच्या पाण्यातून धावल्याचे आवर्जून सांगावे. आपण अंतिम रेषेजवळ उभे राहणार असाल, तर कोरडे कपडे, मोठा टॉवेल आणि थर्मासमध्ये गरम चहा सोबत ठेवावा. धावताना थंडी जाणवत नाही, थांबल्यावर मात्र ती काही मिनिटांतच अंगात भरते.